मान हलवणारी बाई

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर मटार सोलले.

थंडीचे दिवस होते. ओट्यावर ऊन आलं होतं. मध्ये परात, बायकोच्या बाजूला शेंगा, माझ्या बाजूला टरफलं. मी सोलायला बसलो की चार दाणे परातीत आणि एक तोंडात, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने माझं तोंडच कामाला लावलं. म्हणाली, "साहेब, तोंड करा."

तोंड करा म्हणजे साहेबाचं तोंड करा. ते काय प्रकरण आहे ते पुढे येईल. मी तोंड केलं. तिने एक मटार उचलून माझ्या कपाळावर मारला. मी हललो नाही. दुसरा नाकावर मारला. हललो नाही. तिसरा चष्म्याच्या काचेवर टणकन वाजला. समोरच्या घरातली बाई धुणं वाळत घालायचं सोडून बघत उभी राहिली. तरी मी हललो नाही.

"पास," ही म्हणाली. "उद्या सकाळी सहाला असंच बसायचं. शेवटचा सराव आहे. परवा इगतपुरीच्या पोरीची मुंबईला तोंडी परीक्षा."

"अन् हे खाली सांडलेले कोण उचलणार?"

"साहेब उचलत नाहीत. नवऱ्याने उचला."

उचलले. त्याच दुपारी ती जेवून आडवी झाली ती उठली नाही. झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाला, हृदय. असेल. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. विहारातले लोक आले, वंदना झाली, माणसं जमली तशी पांगली. मटार पातेल्यात तसेच राहिले.

मी चौथी शिकलेला माणूस. ओझरला विमानाच्या कारखान्यात पत्र्याला रिव्हेट मारण्यात माझी नोकरी संपली. लिहिणं हे तिचं खातं होतं. पण ती गेल्यापासून जो येतो तो सांगतो, बाई फार शांत होत्या, फार सोज्वळ होत्या. खोटं आहे. बाई चक्रम होती. मेलेल्या माणसाला लोक धुऊन इस्त्री करून ठेवतात, मग ते कोणाचंही असू शकतं. मला माझीच बाई पाहिजे, म्हणून लिहितो.

ती नगरपालिकेच्या शाळेत तिसरीच्या पोरांना शिकवायची. सगळे तिला बाईच म्हणत, मीसुद्धा चारचौघांत तेच म्हणायचो. तिचं खरं खूळ इंग्रजीचं. तिचा बाप देवळाली कॅम्पात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर आचारी होता. ही लहानपणी स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसून लसूण सोलायची आणि आत साहेब-मडमेचं भांडण चालायचं. भांडणातलं इंग्रजी पक्कं बसतं, असं तिचं म्हणणं. तिचं इंग्रजी ऐकलं की मला ते पटायचं. पुढे पुस्तकं वाचून, बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. झाली. घरात एक बी.ए. आणि एक चौथी, आणि दोघांचं एकच ताट धुवायचं भांडण.

ती माणसांशी मराठीत बोलायची आणि भांड्यांशी इंग्रजीत. भांडी चुका काढत नाहीत आणि मध्ये बोलत नाहीत, हे कारण. स्टोव्हवर दूध चढायला लागलं की ते कसं चढतंय, कुठल्या बाजूने फुगतंय, त्याचं ती इंग्रजीत वर्णन करायची. मी ओरडायचो, "अगं दूध!"

"थांबा, वाक्य पुरं होऊ द्या."

वाक्य पुरं व्हायचं. दूध स्टोव्हवर.

द्राक्षांच्या दिवसांत दिंडोरीकडून पेट्या बाजारात यायच्या, त्यांत खाली कागद घातलेला असायचा. कधी मराठी, कधी इंग्रजी वर्तमानपत्र. ही पेटीत हात घालायची, द्राक्षं बाजूला सारायची आणि खालचा कागद वाचायची. दुकानदार वैतागायचा.

"बाई, द्राक्षं बघायची सोडून तळ काय बघता? माल एक नंबर आहे."

"माल असू दे. हा इंग्रजी कागद आहे ना, ती पेटी द्या."

"अन् द्राक्षं?"

"ती पण द्या, आता काय करणार."

मग घरी ते ओले कागद दोरीवर माझ्या बनियनशेजारी वाळायचे. त्यामुळे आमच्या घरात जगाची बातमी वर्षभर शिळी असायची. एखादा मोठा माणूस वारला म्हणून ती दुपारभर हळहळायची, आणि मी सांगायचो की अगं, त्याचं वर्षश्राद्धसुद्धा झालं.

आणीबाणी उठली त्या सुमाराला तिने घरी शिकवणी सुरू केली. साधी नाही. विलायतेला शिकायला किंवा कामाला जायचं तर इंग्रजीची एक मोठी परीक्षा द्यावी लागायची, पेपर खुद्द तिकडून यायचे. निबंध लिहा, उतारा वाचून सार सांगा, आणि शेवटी मुंबईला एका साहेबासमोर बसून पंधरा मिनिटं बोला. त्या बोलण्याला सगळे भ्यायचे. नाशकात ही परीक्षा कोणी शिकवत असेल असं कोणाला वाटायचं नाही, म्हणून पहिली दोन वर्षं कोणी आलंच नाही. मग एक एक यायला लागले. सकाळी सहाची वेळ, कारण नंतर तिची शाळा आणि माझा कारखाना. फी काय, तर इंग्रजीत छापलेला कुठलाही कागद घेऊन यायचा. कारखान्यातला एक जण यंत्राची माहितीपुस्तिका आणायचा. एक सिव्हिल हॉस्पिटलमधली नर्स औषधाच्या खोक्यांतल्या घडीच्या चिठ्ठ्या आणायची. त्या चिठ्ठ्या ही मला जेवताना वाचून दाखवायची. या गोळीने चक्कर येते, मळमळतं, अंगावर पुरळ उठतं. चार घास कमीच जायचे.

शिकवायची रीत वेगळी होती. पुस्तक नंतर. आधी घरातली एक वस्तू घ्यायची आणि तिच्याबद्दल न थांबता पंधरा मिनिटं बोलायचं. स्टोव्हबद्दल बोल. पायपुसण्याबद्दल बोल. "राणीबद्दल कोणीही बोलेल," ती म्हणायची. "पायपुसण्याबद्दल बोललास तर भाषा आली." आणि दुसरं एक वाक्य दिवसातून दहादा: "चुकलं तरी पुढे चल. मागे वळून झाडत बसायचं नाही."

आता तिच्या मानेबद्दल सांगतो, कारण सगळं त्या मानेवर आहे.

समोरचा बोलायला लागला की हिची मान हलायची. वाक्य बरोबर गेलं की पूर्ण खाली जाऊन वर यायची, आणि तोंडातून बारीक "हं". वाक्य चुकलं की मान अर्ध्यात थांबायची. भाजीवाल्यासमोर तेच, रेडिओसमोर तेच. मी तीस वर्षं त्या मानेवर संसार केला. काही ठरवायचं असलं की बोलून टाकायचं आणि मान बघायची. विद्यार्थ्यांनाही ती सवय लागली. वहीकडे कमी आणि बाईंच्या मानेकडे जास्त बघायचे.

ती नर्स इगतपुरीची. बाप रेल्वेत घाटात रूळ तपासायला चालायचा. पोरगी हुशार, कामाला वाघ, पण बोलताना हलक्या आवाजात. तिकडच्या एका इस्पितळाने तिला पुढच्या शिक्षणाला जागा देऊ केली होती, अट एकच, ही परीक्षा. आमच्याकडे दीड वर्ष पहाटे आली. लेखी उत्तम गेली. तोंडीला मुंबईला गेली आणि नापास होऊन आली.

हिने विचारलं, "काय झालं? विषय अवघड होता?"

"नाही बाई. घर. घराबद्दल बोला म्हणाले."

"मग?"

"पहिलं वाक्य बोलले. साहेबाने मान नाही हलवली. मला वाटलं चुकलं, म्हणून दुसऱ्या तऱ्हेने बोलले. तरी नाही हलवली. मग तिसऱ्या तऱ्हेने. बाई, पंधरा मिनिटं मी एकच वाक्य दुरुस्त करत होते. आमचं घर स्टेशनजवळ आहे, एवढंच."

पोरगी गेल्यावर ही पायरीवर बसून राहिली. शाळेला जायची वेळ झाली तरी उठेना.

"ती नापास नाही झाली," म्हणाली. "माझ्या मानेने नापास केली तिला."

मी सरळ बोलणारा माणूस. म्हटलं, "खरं आहे."

नवऱ्याने समजूत घालावी अशी वेळ होती. पण खोटं बोललो असतो तर तिने ओळखलं असतं. त्या इस्पितळाने सहा महिन्यांनी एक संधी आणखी ठेवली होती, त्यानंतर जागा दुसऱ्याला जाणार होती. हिने त्या दिवशीपासून मान आवरायचा चंग बांधला. गळ्याला पंचा गुंडाळून बसून बघितलं. भिंतीला डोकं टेकून बसून बघितलं. पोरगी दोन वाक्यं बोलली की पंच्यासकट मान खाली. आठवडाभराने एका सकाळी चहा पिताना ती माझ्याकडे बघत राहिली.

"काय बघतेस?"

"तुमचं तोंड. आत्ता मी तुम्हाला सांगितलं की चहात मीठ पडलंय. तुम्ही काहीच केलं नाही."

"पिऊन टाकला."

"तेच. तुमच्या तोंडावरून काही कळत नाही."

"तीस वर्षं याच तोंडाला नावं ठेवत होतीस."

"तेव्हा उपयोग सापडला नव्हता."

असा मी साहेब झालो. कॅम्पातल्या बाजारातून जुना कोट आणला, खांद्याला घट्ट, डांबरगोळीचा वास मारणारा. घरात हाताची खुर्ची एकच, ती मला. गजराचं घड्याळ पंधरा मिनिटांवर लावून माझ्या मांडीवर. माझ्याकडून चार वाक्यं पाठ करून घेतली: गुड मॉर्निंग. सिट डाऊन प्लीज. टेल मी अबाउट युवर, आणि पुढे काय ते ती येऊन कानात सांगायची. शेवटी घंटा झाली की थँक यू, यू मे गो. बाकी बोलायचं नाही, हसायचं नाही, आणि मान हलवायची नाही. समोरचा काय बोलतो ते मला कळायचंच नाही, त्यामुळे चूक झाली की बरोबर, तोंड एकच. तिला असाच माणूस पाहिजे होता.

सगळ्यात मजा आमच्या कारखान्यातल्या त्या माहितीपुस्तिकावाल्या पोराची. वयाने माझ्या निम्मा, पण माझ्यावर सुपरवायझर. दिवसभर मला "ओ मामा, हात चालवा" म्हणायचा. एका सकाळी आमच्याकडे आला, मला कोटात बघून दारातच चप्पल हातात घेऊन उभा.

"सिट डाऊन प्लीज," मी म्हटलं.

तो बसला. पंधरा मिनिटं घाम पुसत बंब या विषयावर बोलला. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात त्याच्यासमोरून गेलो तर उठून उभा राहिला. शेजारचे विचारायला लागले, मामाने असं काय केलं? मी तोंडावरून काही कळू दिलं नाही. परीक्षेत पास झाला, आणि मग पुन्हा "ओ मामा" सुरू.

इगतपुरीच्या पोरीचं मात्र जड गेलं. पहिल्या दिवशी माझ्यासमोर बसली आणि तेच. एक वाक्य, माझ्याकडे नजर, दुरुस्ती, पुन्हा नजर. शेवटी रडायला लागली. मी घड्याळ खाली ठेवलं आणि माठाकडे निघालो.

"कुठे निघालात?" ही स्वयंपाकघरातून ओरडली.

"पाणी देतो पोरीला."

"साहेब पाणी देत नाहीत."

"मग असला कसला साहेब?"

"तसलाच असतो. बसा खाली."

बसलो. पोरगी रडता रडता हसली आणि डोळे पुसून पुढे बोलायला लागली. त्यानंतर रोज थोडं पुढे गेली. चार मिनिटं, सहा मिनिटं, न वळता.

बाई स्वतः समोर बसायची नाही. स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून पाटावर बसायची, म्हणजे पोरीला मान दिसू नये. पण माझी खुर्ची अशी होती की पोरीच्या खांद्यावरून मला स्वयंपाकघराचं दार दिसायचं, आणि दारातून हिची पाठ. पोरगी बोलायची आणि भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माझ्या बायकोचा अंबाडा खाली-वर व्हायचा. वाक्य चुकलं की अंबाडा अर्ध्यात थांबलाच. मला एक शब्द कळत नव्हता, पण अंबाड्यावरून मला पोरीची प्रगती समजायची. तेवढं बघून तोंड सरळ ठेवायचं म्हणजे खायचं काम नाही. विमानाच्या डोंगराएवढ्या पंखाला रिव्हेट मारणं त्यापेक्षा सोपं.

एकदा मी तिला विचारलं होतं, "सगळ्यांना परीक्षेला बसवतेस, तू का नाही देत?"

ती भाकरी थापत होती. थापणं थांबलं. म्हणाली, "नापास झाले तर उद्यापासून शिकवायची हिंमत जाईल."

"अन् पास झालीस तर?"

"तर बरं वाटेल. पण एवढ्याशा बरं वाटण्यासाठी एवढी मोठी हिंमत पणाला लावू?"

म्हणजे भीती तिलाही होती. सगळ्यांना पुढे चल म्हणायची आणि स्वतः पायरीवर बसून होती, लहानपणी बसायची तशी. मी हे कोणाला बोललो नाही. आता बोलतो, कारण त्याने ती लहान होत नाही. तिने तिची हिंमत त्या पोरीच्या पिशवीत भरून दिली होती. म्हणून तर ती परवाची तोंडी आमच्या घरात एवढी मोठी होऊन बसली होती.

आणि तोंडीच्या दोन दिवस आधी दुपारी ही गेली.

पुढचं आधी सांगून टाकतो, मला ताणून ठेवता येत नाही. पोरगी पास झाली. आता तिकडच्या इस्पितळात आहे. पत्र मराठीतच लिहिते, मला वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात. पहिल्या पत्रात लिहिलं होतं: 'काका, मुंबईचा साहेब तुमच्यापेक्षा बरा निघाला. दोनदा हसला. मी क्षणभर घाबरले, कारण साहेब हसतात हे तुम्ही शिकवलंच नव्हतं. पण पुढे गेले.' पाकिटात प्रत्येक वेळी इंग्रजीत छापलेला एखादा कागद घालते. दुकानाची पावती, बसचं तिकीट, काही पण. फी. ते मी द्राक्षांच्या कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवतो.

पण ती गेल्याच्या दुसऱ्या सकाळी हे काही माहीत नव्हतं. आदल्या संध्याकाळी स्मशानातून आल्यावर पोरीने मला सांगितलं होतं, "काका, मी जाणार नाही. बाईंशिवाय मला एक वाक्य येणार नाही."

पाच वाजता नेहमीसारखा उठलो. दाढी केली. कोट चढवला. हाताची खुर्ची भिंतीपासून ओढून मधे घेतली, समोर पत्र्याची खुर्ची मांडली. माझी थोरली बहीण आक्का दिंडोरीहून आदल्या दिवशीच आली होती. ती चुलीपाशी होती, बाहेर येऊन बघत राहिली.

"हे काय करतो रे?"

"सहाची शिकवणी आहे."

"अरे, काल बाई गेली अन् आज तू कोट घालून बसतो व्हय? सुतक हाय घरात. लोक काय म्हणतील?"

आम्ही सुतक पाळत नाही, पण आक्काच्या अंगातून ते अजून गेलेलं नाही. म्हटलं, "लोकांची उद्या परीक्षा नाही. हिच्या पोरीची आहे."

"लय हट्टी हाय तू," आक्का म्हणाली, आणि आत गेली. पण जाताना तिनेच पत्र्याच्या खुर्चीवरची धूळ पदराने पुसली.

सहाला पोरगी आली. डोळे सुजलेले. माझ्याशेजारी बसायला आली होती, शिकवणीला नाही. म्हणाली, "काका, मी नाही जात." हातात मात्र मुंबईची पिशवी होती. मी ती पिशवी बघितली आणि तोंड केलं.

"गुड मॉर्निंग."

ती उभीच.

"सिट डाऊन प्लीज."

तिने स्वयंपाकघराकडे बघितलं. आक्का दारात उभी होती, तिने हातानेच बस म्हणून सांगितलं. पोरगी बसली.

आता विषय. कानात सांगणारी नव्हती. माझ्याजवळ इंग्रजी शब्द किती, तर रिव्हेट, हॅमर, शिफ्ट, असे कारखान्यातले. मग एक सापडला. घड्याळाला चावी दिली आणि म्हटलं, "टेल मी अबाउट युवर टीचर."

मी मदत केली नाही. घड्याळ टिकटिक करत होतं. मग ती एक वाक्य बोलली आणि नजर माझ्या मानेवर आली. मान हलली नाही. ती थांबली. ओठ हलले, तेच वाक्य पुन्हा धरणार असं वाटलं. मी तिच्याकडे बघत राहिलो. तिने ते सोडलं आणि पुढचं वाक्य बोलली. मग त्याच्या पुढचं.

मग ती चाललीच. मला मधला एखादा शब्द ओळखीचा लागायचा. मिल्क आलं, तेव्हा मला कळलं स्टोव्हची गोष्ट चालली आहे. ग्रेप्स आलं. पेपर आलं. एकदा ती हसली, बहुतेक साहेब पाणी देत नाहीत तिथे आली होती. पोरीच्या खांद्यावरून मला स्वयंपाकघर दिसत होतं. पाट भिंतीपाशी होता तसाच होता. तिथे अंबाडा नव्हता, त्यामुळे चुकतंय की बरोबर चाललंय हे मला कळायला काही मार्ग राहिला नव्हता. पण ती कुठे अडली नाही, एवढं मी बघत होतो. माझी मानगूट ताठून दुखायला लागली. हलवली नाही.

घंटा झाली.

"थँक यू," मी म्हटलं. "यू मे गो."

ती उठली. पाया पडायला वाकणार होती, मी तोंड तसंच ठेवलं, म्हणून वाकली नाही. पिशवी उचलली. ओटा उतरली, फाटक उघडलं, गल्लीतून नाशिकरोडच्या बसकडे चालू लागली. कोपऱ्यापर्यंत मी बघत होतो. तिने मागे वळून पाहिलं नाही.

ती कोपऱ्यावरून वळली. मग मी मान हलवली. पूर्ण खाली, आणि वर.